पुलियावरची हजेरी

६ नोव्हेंबर, गुरुवार
कार्तिकस्नान काल पौर्णिमेला संपलं. महिनाभर पहाटे वैनगंगेवर आंघोळीला जाणाऱ्या बायकांची वर्दळ असायची, हातात दिवे, तोंडात भजनं. आज पुलियापाशी, रस्त्यावरच्या लहान पुलाशी, पोचले तर चिटपाखरू नाही. फक्त शुभा. काठी कठड्याला टेकवून बुटाची लेस आवळत होती.
"काकू, पाच मिनिटं लेट."
घड्याळ हिला दिसत नाही म्हणावं, तर मनगटावर बोलणारं घड्याळ आहे. ते हिंदीत बोलतं आणि सगळ्या गल्लीला ऐकवून बोलतं.
आज धावण्याचा अकरावा दिवस. अजून मला खरं वाटत नाही. शुभा कलेक्टोरेटच्या टेलिफोन एक्सचेंजवर बसते, मी वरच्या मजल्यावर रेकॉर्ड शाखेत. नऊ वर्षं फोनवरचा तिचा 'नमस्कार' तेवढा ओळखीचा. सहाव्या वर्षी तापात तिचे डोळे गेले. धावायला तिचा भाऊ न्यायचा, तो दिवाळीआधी नोकरीसाठी पुण्याला गेला. मग एका दुपारी ही पायऱ्या मोजत वर आली आणि डब्याच्या वेळी सरळ माझ्या टेबलासमोर उभी राहिली. "काकू, तुमाले शुगर आहे न जी? डॉक्टरनं चालाले सांगतलं न? मंग थोडं धावा ना माझ्यासंगं."
मी हो म्हटलं. ऑफिसात कुठल्याही अर्जाला म्हणतो तसं, होऊन जाईल, बघू. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला फोन वाजला.

९ नोव्हें., रविवार
दोघींच्या मधे परकराचा नाडा असतो. नवा, पांढरा, दोन्ही टोकांना फास. एक तिच्या मनगटात, एक माझ्या. वळण आलं की मी हलकेच ओढते, खड्डा आला की बोलते. शु. (आता एवढंच लिहीन, हात दुखतो) म्हणते भावाच्या वेळी दुपट्टा होता, पण तो भिजला की जड होतो. नाडा बरा.
तिचे नियम तीन. रोज साडेपाच. धावताना फोन कोणीच आणायचा नाही. आणि फोन नाही म्हणून, यायचं म्हणजे यायचं.
आज तिच्या घरी चहा, पुलियापासून चार घरं. तिथं कळलं ही एवढी इरेला का पेटली आहे ते. २६ जानेवारीला गावात दौड असते, स्टेडियमपासून पाच किलोमीटर. मागच्या वर्षी हिनं फॉर्म भरला. आयोजकांनी मोठ्या प्रेमानं हिला स्टेजवर खुर्ची दिली, शाल दिली, नारळ दिला, फोटो काढले. दौड सुटली तेव्हा ही खुर्चीवरच.
"सगळ्यांचे पाय समोरून जाऊन राह्यलते काकू, अन् माझ्या मांडीवर नारळ."
तिची आई हसली, मीही हसले. शु. नाही हसली. म्हणाली, "यंदा मले शाल नाई पायजे. छातीवर नंबर पायजे. शेवटची आली तरी चालते."
आयोजकांनी तेव्हा विचारलं होतं, बेटी, प्रॅक्टिस कितनी है? हिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. म्हणून यंदा हजेरी रजिस्टर. लिहायचं मी. मला म्हणाली, तुमचं तर कामच ते आहे.

१० नोव्हें.
ऑफिसातून एक जुनं कोरं रजिस्टर आणलं. (रद्दीतलंच होतं.) रकाने पाडले: तारीख, शु., मी, शेरा. पट्टीनं. तिच्या रकान्यात 'उ', उपस्थितचा. माझ्यात सही. मागचे चौदा-पंधरा दिवसही भरून टाकले. सुबक झालं. दर रविवारी तिला वाचून दाखवायचं ठरलं.

१४ नोव्हें., शुक्रवार
माझ्या धावण्याला धावणं म्हणायचं तर म्हशीनं काय करावं. पन्नास पावलं दुडकी, मग धाप. शु. माझ्यापेक्षा दुप्पट पळू शकते आणि माझ्यासाठी पाय बांधल्यासारखी चालते. आज मी जरा जोर केला तर म्हणे, "काकू, तुमी मले ओढून राह्यल्या जी. बकरी आहो का मी?"
घरी आल्यावर हे म्हणाले, "काहून व, या वयात मेडल आणतं का आता?" रिटायर झाल्यापासून यांना पांघरुणातून बोलायची सवय लागली आहे. पांघरुणातून बोलायला काय जातं. पण चहा यांनीच ठेवला होता. छत्तीस वर्षांत दुसऱ्यांदा.

२३ नोव्हें., रविवार
थंडी आली. भरवेली रोडवर शेतांतून धूर की धुकं कळत नाही. धान कापून झालं, रस्त्याला पेंढा सांडलेला.
साडेपाचनंतर खाणीत पहिल्या पाळीला जाणारे सायकलवाले भेटतात. कानटोपी, मफलर, हँडलला डबा. पहिल्या आठवड्यात ते नाड्याकडे पाहायचे आणि गप्प जायचे. आता घंटी वाजवतात. शु. त्यांना चेनीच्या आवाजावरून ओळखते. "हा आला झिंगूरवाला. याले सांगा काकू, चेनीले तेल टाकत जा म्हणा." (झिंगूर म्हणजे रातकिडा, चेन तशी किरकिरते म्हणून.) मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो आला तो आवाज न करता, आणि शु. थबकली. "हा कोण नवा?" तो माणूस हसून हसून सायकलवरून पडायचा बाकी होता.
मी याच रस्त्यानं तीस वर्षं गेले असेन. मला यातला एकही माणूस माहीत नव्हता. ही पोरगी मला माझंच गाव दाखवते आहे. हे लिहिताना डोळे भरून आले, थंडीनं असेल.
रजिस्टर वाचलं. पूर्ण.

४ डिसें., गुरुवार
आज न थांबता एक किलोमीटर. एक! शु.नं टाळी मागितली, मी दिली, नाड्यात हात अडकला, दोघी पडता पडता वाचलो.
रजिस्टर भरायचा कंटाळा येतो. ऑफिसात आमची सवय अशी की सोमवारी बसलं की शुक्रवारपर्यंतच्या सह्या एका दमात. येणारच असतो ना आपण, मग रोज काय ते. आता दुसऱ्या ऑफिसांत मोबाईलवर हजेरी आली म्हणतात, आमच्या शाखेत अजून रजिस्टरच. घरच्याही रजिस्टरला तेच केलं. रविवारपर्यंतच्या सह्या करून मोकळी झाले. धावणार तर आहेच.

१० डिसें.
पाय दुखतात. गुडघ्याला तिळाचं तेल. हे म्हणाले, "सोडून दे." म्हटलं, "तिले कोण नेईन?" बोलून गेले आणि मग कळलं की आपण हे मनापासून बोललो.
शुगर उतरली आहे, डॉक्टर खूश. श्रेय त्यांनी गोळ्यांना दिलं.

१८ डिसें., गुरुवार
आजचं नीट लिहिते.
पहाटे धुकं असं की पुलियावर उभी शु. मला दोन हातांवर येईपर्यंत दिसली नाही. म्हटलं, आज राहू दे. ती म्हणे, "काहून? माझ्यासाठी तर रोजच्यासारखंच आहे." मला हसू आलं आणि लाजही वाटली. निघालो.
दहा मिनिटांत मी पुरती हरवले. रस्त्याची कड दिसेना. आपण राइस मिलच्या अलीकडे की पलीकडे तेही कळेना. शु. म्हणाली, मिल मागं गेली, उकडलेल्या धानाचा वास बंद झाला ना. आता डाव्या हाताला नाला येईल, तिथं हवा थंड लागते. लागली. मग म्हणाली, नाडा ढिला सोडा, आज मी पुढं. आणि मी त्रेपन्न वर्षांची बाई एका आंधळ्या पोरीच्या मागं मागं धावत होते.
एका जागी ती गपकन थांबली. "काकू, समोर काही उभं आहे."
"काही नाई दिसत."
"आवाज परतून राह्यला. आपल्या पायाचा."
मी हात पुढं करून चार पावलं गेले आणि हात पोत्याला लागला. ट्रॉली. धानाच्या पोत्यांनी भरलेली, बिनदिव्याची, अर्धी रस्त्यावर. ट्रॅक्टरवाला वर घोंगडी घेऊन झोपला होता. पूर्ण वेगात असतो तर माझे दात तिथंच राहिले असते.
त्याला उठवून मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. शु. म्हणाली, "सोडा जी, थकला असन." आणि तो वाहन कडेला घेईपर्यंत तिथंच उभी राहिली, मागून येणाऱ्या सायकलवाल्यांना आवाज देत. "रुको भैया, सामने गाड़ी है!"
परत येताना वाटभर तिच्याकडेच बघत होते. एवढं नवल वाटत होतं तिचं. खरं तर अभिमान म्हणायला हवं, पण मी तिच्यासाठी काय केलं होतं अभिमान वाटायला?

२४ डिसें.
तीन कि.मी. न थांबता. मी!! ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

३० डिसें., मंगळवार
आज गेले नाही.
लालबर्ऱ्याहून नणंद आली आहे, नातवंडं सोबत. काल दिवसभर भजी, पुऱ्या, चकल्या. जाग आली नाही म्हणून गेले नाही असं लिहिणार होते. जाग आली होती. पावणेपाचला. नाक पांघरुणाबाहेर काढलं आणि आत घेतलं. म्हटलं एवढ्या गारठ्यात शु. तरी कशाला येते. फोन पाहुण्यांच्या खोलीत, पोरांनी गेम खेळायला नेलेला. उठून आणता आला असता.
साडेसातला फोन केला. तिची आई बोलली, "झोपली हाय ती. थंडी पडली न लय."
बरं वाटलं. दोघींचीही सुट्टी झाली.
रजिस्टर उघडलं तर आजची माझी सही आधीच झालेली. खोडायची तर पान खराब होतं. आणि माझी सही असताना तिचा रकाना कोरा कसा दिसेल? तिच्यातही 'उ' टाकला. एका दिवसानं काय होतं.

३१ डिसें.
गेलो. शु. शांत होती. मी म्हटलं, काल जबर थंडी होती नाई? "हौ जी, होती."

४ जाने., रविवार
शु.च्या घरी चहा. नेहमीसारखं वाचून दाखवलं. "एकोणतीस, दोघी हजर. तीस, दोघी हजर. एकतीस, दोघी हजर..." तीसला जीभ जराशी अडखळली, पण निघून गेलं. तिची आई उठून आत गेली. शु. म्हणाली, "बरं." एवढंच. दर रविवारी म्हणते 'शाब्बास आपल्याले', ते नाही म्हणाली.

५ जाने., सोमवार
पुलियावर दूधवाला भैया गाडी थांबवून उभा होता. मला बघून म्हणाला, "मैडम, पिछले मंगल को कहाँ थीं आप? बिटिया घंटा भर यहीं खड़ी रही। मैंने कहा घर छोड़ दूँ, तो बोली मैडम आ रही हैं।"
शु. शेजारीच होती. नाडा मनगटात घालत होती.
"चला जी काकू. लेट होऊन राह्यलं."
धावलो. कसे धावलो मला आठवत नाही. मिलपर्यंत गेलो आणि तिथं मला पुढं जाता येईना. म्हटलं, "काल काहून नाई बोलली तू? मी वाचत होते तेव्हा?"
"मले पाह्यचं होतं तुमी काय वाचता ते."
"अव, तुझी आई म्हणाली तू झोपली..."
"मीच सांगतलं होतं तिले, तसं म्हण म्हणून. तुमाले वाईट वाटन म्हणून." मग म्हणाली, "तुमी आल्या नाई त्याचं काई नाई जी. माणूस आहे, नाई आला एखाद दिवशी. पण दुकानात, बँकेत, ऑफिसात, जो जे वाचते ते मले मानावं लागते. मंग मी माणूस पाहून ठरवते, याचं मानावं का नाई. तुमचं मी पाह्यलंच नोतं. तसंच मानलं."
मला आजवर कोणी एवढं साधं आणि एवढं लागेल असं बोललेलं नाही. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली, मेमो मिळाले, साहेबांचे आरडेओरडे ऐकले. त्याचं काही वाटलं नव्हतं.

६ जाने.
पुलियावर शु. नाही. तासभर उभी राहिले. पाय आधी दुखतात, मग कळेनासे होतात, मग कान दुखतात. तिनंही हाच तास काढला होता. तिला तर उजाडलेलंही दिसलं नसेल.
सायकलवाल्यानं विचारलं, बिटिया? म्हटलं, आज नहीं.

७ जाने.
नाही आली. ऑफिसातून एक्सचेंजला फोन लावला. "नमस्कार, कलेक्टोरेट." तोच सगळ्यांसाठीचा आवाज. मी ठेवून दिला.
हे म्हणाले, "घरी जाऊन माफी माग ना तिची." मागून काय, तिला शब्दच तर नको आहेत माझे.

८ जाने., गुरुवार
आजही एकटीच उभी होते. पण दुपारी रजिस्टर पिशवीत घालून खाली एक्सचेंजमध्ये गेले. सोबत लाल पेन. तिच्या टेबलावर रजिस्टर ठेवलं आणि तीस डिसेंबरची माझी सही तिच्यासमोर खोडली. आडवी रेघ, वर 'गैरहाजर', खाली आजची तारीख आणि सही. नोकरीत हजारो लोकांच्या नोंदींवर लाल शाई चालवली. स्वतःच्या सहीवर कधीच नाही.
तेव्हा एक लक्षात आलं. तिच्या रकान्यातला 'उ' मी न पाहता ठोकला होता, आणि तेवढा एक खरा निघाला. ती हजर होतीच. तो तसाच ठेवला.
सगळं वाचून दाखवलं, सह्या आधीच करून ठेवायचे तेही सांगितलं. शु.नं बोटं पानावरून फिरवली, शाईची ओल लागते का पाहिली असेल. मग शिपायाला हाक मारली. "भैया, ये तीस तारीख पढ़ना ज़रा।"
मी उभी. शिपाई माझ्याकडे बघतो, रजिस्टरकडे बघतो. "तीस दिसंबर। शुभा मैडम हाजिर। बड़ी मैडम..." अडखळला. "पढ़ो पढ़ो," मी म्हटलं. "बड़ी मैडम गैरहाजिर। लाल में लिखा है।"
अपमान वाटायला हवा होता. वाटला नाही. उलट वाटलं, बरोबर केलं पोरीनं. मी तिच्या जागी असते तर दोघांकडून वाचून घेतलं असतं.
तेवढ्यात फोन वाजला, तिनं तो जोडून दिला आणि मग म्हणाली, "सहा, सात, आठले मी गैरहाजर. लिवा. लालनंच."
"अव पण ते माझ्यामुळे..."
"आली नाई तर नाई आली. लिवा." लिहिलं.
"उद्या साडेपाच," ती म्हणाली.

९ जाने.
सव्वापाचला पोचले. ती आधीच होती. तिनं नाड्याचा फास पुढं केला. चार कि.मी.
आल्यावर सही केली. आजची फक्त.

१४ जाने., बुधवार
संक्रांत. धावून आल्यावर तिच्या घरी तीळगूळ. तिच्या आईनं मला बाजूला घेतलं, हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी खिडकीतून पाहून राह्यलती. दोनदा हाका मारल्या. म्हणे काकू येतेत, तू आत जा. आल्यावर हात असे गार, चहाचा कप धरता नाई आला तिले." मग माझ्या तळहातावर लाडू ठेवला. "राग नका मानू जी, मी खोटं बोलली फोनवर."
ती माझी माफी मागत होती! मी वाकून नमस्कार केला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असेल ती. दोघी अवघडलो.
शु. आतून ओरडली, "काकू, तीळगूळ घ्या अन् रविवारी वाचाले विसरू नका." एवढं बोलली आणि हसली. दहा दिवसांनी हसली.

२० जाने., मंगळवार
आयोजकांकडे गेलो, फॉर्म द्यायला. मोठं टेबल, टेबलावर मागच्या दौडीच्या ट्रॉफ्या. मुख्य गृहस्थ उठून उभे राहिले, शु.ला खुर्ची दिली. "बेटी, तुम तो हमारी प्रेरणा हो। इस बार भी स्टेज पर..."
"नंबर चाहिए सर। स्टेज नहीं।"
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जबाबदारी कोणाची, रस्त्यात काही झालं तर, गर्दी असते, धक्का लागतो. शेवटी म्हणाले, सोबत धावणाऱ्यानं लिहून द्यावं की शेवटपर्यंत सोबत राहीन. कागद पुढं सरकवला. मी पेन काढलं. शु. माझ्याकडं तोंड करून अगदी गंभीरपणे म्हणाली, "काकू, ही सही कोणती वाली? ॲडव्हान्सवाली का?"
ते गृहस्थ मराठी समजणारे नव्हते, बरं झालं. माझे कान लाल. सही केली.
मग प्रॅक्टिस विचारली. रजिस्टर दिलं. ते भराभर पानं उलटत गेले, सगळं दोघी हजर, दोघी हजर, आणि एका पानावर थांबले. "ये लाल क्या है?"
मी बोलले. "उस दिन मैं नहीं आई थी। ये आई थी। ठंड में एक घंटा खड़ी रही। मैंने झूठी हाजिरी लगाई थी, बाद में काटी।"
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुढचं पान पाहिलं, तिथं शु.च्या तीन लाल गैरहजेऱ्या. ते आता एकेक ओळ वाचू लागले. फॉर्म परत दिला नाही, हो पण म्हटलं नाही. "छब्बीस को साढ़े छह बजे आ जाइए। कमेटी से बात करता हूँ। नंबर वहीं मिलेगा... देखते हैं।"
बाहेर आल्यावर शु. म्हणाली, "त्या 'देखते हैं' मधे मागच्या वर्षी खुर्ची होती."
"यंदा नसन," मी म्हटलं. मला काय माहीत.

२२ जाने.
पूर्ण पाच कि.मी. शेवटच्या अर्ध्यात तिनं मला सांगून टाकलं, "आता माझ्या चालीनं या." आले. कशी आले विचारू नका. खाणीच्या सायकलवाल्यांनी मिलपासून पुलियापर्यंत घंट्या वाजवत साथ दिली. झिंगूरवाला म्हणाला, छब्बीस को छुट्टी है हमारी, देखने आएँगे.
हिच्यासोबत धावायला मिळालं, माझं नशीब. पन्नाशीनंतर एवढं चांगलं माणूस भेटतं असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

२५ जाने., रविवार
आज हलकंच धावलो, दोन कि.मी. फक्त. पाय राखून ठेवायचे म्हणाली.
मग तिच्या घरी शेवटचं वाचन. मी सुरुवात केली, "एकोणीस, दोघी हजर," आणि शु.नं हात वर केला. "राहू द्या जी. नाई वाचलं तरी चालते." मी तरी वाचलं. सगळं, लाल दिवसांसकट, पहिल्यापासून. तिची आई ऐकत बसली होती, ती यावेळी उठून गेली नाही.
आयोजकांचा फोन आला नाही. हो नाही, नाही पण नाही. शु.नं पांढरा टी-शर्ट धुऊन वाळत टाकला आहे, नंबर लावायला चार टाचण्या काढून ठेवल्या आहेत. तिची आई म्हणाली, शाल दिली तर घेऊन ये व, थंडी आहे. शु. म्हणाली, आणीन, पण धावून झाल्यावर.
निघताना तिनं नाडा माझ्या हातात दिला. आजवर तो तिच्याकडेच असायचा, खिडकीच्या खिळ्याला. मी म्हटलं, हा काहून? "उद्या तुमीच घेऊन या." पिशवीत ठेवला. घरी येईपर्यंत दोनदा पिशवीत हात घालून पाहिला.
यांनी पाचचा गजर लावला आहे. स्वतःच्या फोनवर! म्हणे, मीही येतो स्टेडियमला, तुमच्या दोघींचे स्वेटर कोण धरीन.
नाडा बुटांशेजारी ठेवला आहे. रजिस्टर उघडलं. उद्याची तारीख लिहिली, २६ जानेवारी, सोमवार. तिचा रकाना कोरा ठेवला. पेन हातात होतं, सवयीनं माझ्या रकान्यावर आलंसुद्धा.
टोपण लावलं. उद्या आल्यावर करीन.